टॉकबॅक काढायचे शंभर रुपये

सीताबर्डीत मोदी नंबर दोनच्या एका मोबाइल दुकानात मी चौदा वर्षांपासून काउंटरवर उभा आहे. "आयफोन घेऊ का अँड्रॉइड?" हा प्रश्न दिवसातून दहादा तरी कानावर पडतो आणि माझं उत्तर तोंडपाठ आहे. कॅमेरा, बॅटरी, दोन वर्षांनी विकायला काढला तर किती येतील, एवढ्यावर सगळं भागतं. खरं सांगायचं तर मी आधी गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपला बघतो आणि मग बोलायला लागतो. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही.

मे २०२५ मधली दुपार होती. नागपूरचा मे म्हणजे दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आयफोन शून्य ते पस्तीस अंशांतच वापरावा असं कंपनीच लिहून देते. हे मी आमच्या शेठला एकदा वाचून दाखवलं होतं, तर ते म्हणाले, "म्हणजे इथं दिवाळी ते होळीच चालवायचा का?" अशा टळटळीत उन्हात दुकानासमोर ऑटो थांबला. ऑटोवाल्यानं एका बाईंना पायरीपर्यंत आणून सोडलं. हातात पांढरी काठी, खांद्याला बँकेचं नाव छापलेली कापडी पिशवी, वय पस्तीस-छत्तीस.

आणि मी काय करावं? मी ऑटोवाल्याला विचारलं, "कोणता फोन पाहिजे यांना?"

"त्यांना काय विचारता भाऊ, ते तर चालले," बाई म्हणाल्या. "फोन मला पाहिजे."

पंख्याखाली उभा असून कान गरम झाले. आमच्या पोट्ट्यानं, म्हणजे दुकानातल्या हाताखालच्या मुलानं, स्टूल पुढे केलं.

ताई ठरवूनच आल्या होत्या. मैत्रिणीकडे बटनवाला आयफोन आहे, एसई म्हणतात तो, तसाच द्या. आता आली पंचाईत. २०२२ चा तो एसई कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला आणि त्याच्या जागी १६ई आणला. किंमत तेव्हा ५९,९०० रुपयांपासून. बोटाचा ठसा देऊन फोन उघडायचं बटन गेलं. मी नेहमीच्या सुरात सांगून बसलो, "आता चेहरा दाखवायचा ताई, फक्त नजर फोनकडे पाहिजे." शेवटचे शब्द तोंडातून सुटले आणि जीभ चावली.

त्या हसल्या. "ते मला माहीत आहे. व्हॉइसओव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवायची सोय, चालू करून नवा फोन सुरू केला की नजरेची अट आपोआप निघते. पण अट निघाली की मी झोपेत असताना कोणीही फोन माझ्या तोंडासमोर धरून उघडू शकतं. मी हॉस्टेलात राहते हो."

चौदा वर्षांत हा मुद्दा माझ्यासमोर कोणी मांडला नव्हता.

तरी त्यांना १६ई हातात घेऊन बघायचाच होता. मी डेमोचा फोन दिला. "सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, पहिलंच नाव असेल." होतं. त्या पानावर मी आजवर फक्त म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची अक्षरं मोठी करायला गेलो होतो. व्हॉइसओव्हर चालू झाला आणि फोनचा सगळा कायदाच बदलला. एका टिचकीनं काही उघडेना. टिचकी मारली की फोन त्या गोष्टीचं नाव सांगणार, दोनदा मारली तर उघडणार. ताईंचं बोट काचेवरून उजवीकडे झटके देत सरकत होतं आणि प्रत्येक झटक्याला फोन एक शब्द टाकत होता. मग त्यांनी दोन बोटं काचेवर ठेवून कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवली आणि आवाजाचा वेग वाढवला. इतका वाढवला की मला नुसती घरघर ऐकू येत होती. त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

मग काचेवर तीन बोटं, तीन टिचक्या. स्क्रीन काळी.

"बंद पडला ताई."

"नाही, पडदा टाकला. फोन चालूच आहे. मला स्क्रीन लागतच नाही, मग ती मागं उभ्या माणसाला कशाला दाखवायची?"

त्या काळ्या फोनवर त्यांनी पुढची दहा मिनिटं काम केलं. शेठ गल्ल्यावरून उठून बघायला आले, एरवी ते फक्त जेवायला उठतात.

मराठीचीही परीक्षा झाली. मला नोट्समध्ये काही तरी टाइप करायला लावलं. मी टाइप केलं, 'चहात चमचाभर साखर जास्त झाली.' आधी हिंदी आवाज लागला होता. देवनागरी दिसली की तो घाईनं पुढे होतो. त्याला चहाचा 'च' येतो, चमच्याचा येत नाही आणि 'जास्त' तर पार परक्या गावचं होऊन जातं. यादीत मराठी आवाज होता, तो दुकानाच्या वायफायवर उतरवून घेतला. तो ऐकून ताई एवढंच म्हणाल्या, "हां, आता घरची वाटते."

आयफोनला तोड नाही हे त्यांनीच सांगितलं. बोट ठेवलं की त्याच क्षणी बोलतो. त्यांच्या ओळखीतले पुष्कळ अंध लोक त्यावरच आहेत. २००९ मध्ये आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हॉइसओव्हर आला, त्याआधी सपाट काचेचा फोन आंधळ्या माणसाला चालवता येईल यावर कोणाचा विश्वासच नव्हता म्हणे. तेव्हा त्या बटनांच्या नोकियावर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून फोन वापरायच्या. अँड्रॉइडचा टॉकबॅक, म्हणजे तिकडचा व्हॉइसओव्हर, तोही २००९ चाच, पण बरीच वर्षं मागं राहिला. एका वेळी दोन-तीन बोटांनी केलेले इशारे त्याला अँड्रॉइड ११ पासून नीट जमायला लागले.

"आता अँड्रॉइड दाखवा," त्या म्हणाल्या आणि मी पुढे केलेल्या फोनची आवाजाची दोन्ही बटनं एकदम दाबून धरली. तीन सेकंदांत फोन बोलायला लागला.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढचं. टॉकबॅक मला माहीत होता. रोगासारखा माहीत होता. आमच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं दरपत्रक आहे. त्यात स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग पिन यांच्या खाली एक ओळ आहे, 'टॉकबॅक काढणे – १००'. खिशात बटनं दाबली जातात, फोन बडबडायला लागतो, टच ऐकत नाही. माणूस घाबरून दुकानात येतो. आम्ही फोन आत नेतो, दोन मिनिटं उगाच थांबतो आणि दुरुस्त करून आणतो.

योग असा की नेमका तेव्हाच उमरेडकडचा एक काका आला. धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात बडबडणारा फोन.

"दोन रोजापासून बोलूनच राहिला न भाऊ थो. नंबर लावाले गेलो का आपलंच गाऱ्हाणं सांगते. पोरीचा फोन आला तं उचलताच नाही आला."

पोट्ट्यानं सवयीनं सांगितलं, "होऊन जाईल काका, शंभर रुपये."

ताईंनी मान वळवली. "काका, आणा बरं इकडे." काकांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फोन त्यांच्या हातात दिला. फोन कानाशी, अंगठा आणि बोट कडेला. तीन सेकंद. फोन गप्प.

"घ्या. परत बोलायला लागला तर ही दोन्ही बटनं धरून ठेवायची. आणि बोलत असताना कोणाचा फोन आलाच, तर दोन बोटांनी दोनदा टिचकी मारायची. उचलला जातो."

"किती द्याचे?"

"कशाचे?" ताई म्हणाल्या.

काका काउंटरवरची मोसंबी-संत्र्यांची पिशवी सोडून निघाले होते, मी हाक मारून ती परत दिली. ते गेल्यावर ताईंनी विचारलं, "शंभर घेता?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, शेठनं ठरवलेला दर आहे. शेठ गल्ल्यात नोटा लावायला लागले.

फोनची निवड मात्र राहिलीच होती आणि तिथं माझं चौदा वर्षांचं भाषण सगळं उलटं पडलं. मी तीस हजारांच्या वरचे अँड्रॉइड काढले. ताई बघायच्या म्हणजे चाचपायच्या. पहिला फोन हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. "बोटाची जागा कुठे आहे?"

"स्क्रीनच्या आतच आहे ताई, लेटेस्ट आहे."

"आत म्हणजे कुठे? काच तर सगळीकडे सारखीच लागते."

खरंच की. काचेखालचा सेन्सर मी आजवर भारी गोष्ट म्हणून विकला, कडेच्या बटनातला स्वस्तातला म्हणून हिणवला. त्यांना कडेचाच पाहिजे होता, तो बोटाला लागतो. दुसरा प्रश्न, हेडफोनचं भोक आहे का? आयफोननं ते २०१६ मध्ये, आयफोन सेव्हनपासून काढलं, महाग अँड्रॉइडनीही बहुतेक काढूनच टाकलं. मी म्हणालो, ब्लूटूथ घ्या. त्यांनी स्वतःचं ब्लूटूथ मला कानात घालायला दिलं आणि काचेवर बोट सरकवलं. बोट पुढे, आवाज मागून. गाणं ऐकताना हे कळत नाही. पण दिवसभर प्रत्येक अक्षरामागं एवढं थांबायचं म्हणजे डोकं उठेल. वायर लावली की आवाज बोटाबरोबर चालतो.

म्हणजे कडेचा सेन्सर आणि हेडफोनचं भोक. ही दोन्ही मिळतात ती खालच्या खणातल्या फोनमध्ये, पंधरा-वीस हजारांच्या. जे आम्ही काचेच्या कपाटात वर मांडतही नाही. पोट्ट्यानं चार खोके काढले. एक त्यांनी अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवला, "हा धापा टाकतो." मी बोट सरकवून पाहिलं, मला फरक कळला नाही. पुन्हा पाहिलं, मग कळला. दुसरा बरा निघाला. तिसऱ्याच्या आवाजाच्या बटनांमध्ये पुरेसं अंतर नव्हतं.

मी कर्तव्य म्हणून कॅमेऱ्याचे आकडे सांगायला गेलो आणि मध्येच थांबलो. "थांबलात का? कॅमेरा लागतो ना मला," त्या म्हणाल्या. जुन्या फोनवर त्यांनी रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप उघडलं, २०२० मध्ये आलेलं, आणि म्हणाल्या, एक नोट द्या. शेठनी गल्ल्यातून दिली. कॅमेऱ्यापुढे धरली तसं फोननं सांगितलं, पन्नास. नेटही लागत नाही. नव्या नोटा आकारानं इतक्या जवळजवळच्या आहेत की भाजीवाल्याकडे घोटाळा होतो, असं ताई सांगत होत्या, आणि त्या स्वतः बँकेत कामाला.

मग पैसे देताना जे झालं त्यात फोनचा दोष नव्हता आणि सिस्टिमचाही नव्हता. मी क्यूआर पुढे सरकवला. "तो कुठे आहे ते मला कसं कळणार? नंबर सांगा." नंबर टाकला. पुढच्या पानावर फोन म्हणायला लागला, "बटन. बटन. बटन." ॲप बनवणाऱ्यानं बटनांना नावंच दिली नव्हती. डाव्या कोपऱ्यातून तिसरं बटन म्हणजे 'पुढे', हे त्यांनी पाठ केलेलं होतं. "आयफोनवरही हे असंच," त्या म्हणाल्या. "आणि एखाद्या अपडेटनंतर तिसऱ्याचं चौथं होतं." महिनाभर आधीच, ३० एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या बाबतीत निकाल दिला होता. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून तुम्ही जिवंत आहात हे दाखवा, ही अट अंध माणसानं पाळायची कशी, यावरून. अशा सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालय म्हणालं. ताईंनी ते मला फार थोडक्यात सांगितलं, कारण कानात 'बटन बटन' चालू होतं.

१७,४९९ जमा झाले. साठ हजारांचं गिऱ्हाईक सतरावर आलं म्हणून शेठचा चेहरा उतरला होता, तरी त्यांनी माठातलं पाणी मागवलं. नवा फोन ताईंनी स्वतःच सुरू केला, दोन्ही बटनं धरून, अगदी पहिल्या पानापासून. मी फक्त सिमचा ट्रे उघडून दिला. पिन त्यांच्याकडे नव्हती. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली. आयफोनला सहा-सात वर्षं नवीन आवृत्त्या मिळतात, या फोनला तेवढ्या मिळायच्या नाहीत, तीन वर्षांनी परत इथंच यावं लागेल. आणि आयफोन लोण्यासारखा चालतो, या फोनची सवय करावी लागेल. "बटनवाला असता तर घेतलाच असता," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मुंजे चौकातल्या मेट्रो स्टेशनपर्यंत मी सोडायला गेलो. हात धरायला गेलो तर म्हणाल्या, तुम्ही नका धरू, मी तुमचं कोपर धरते. स्टेशनात फरशीवरच्या उंचवट्याच्या पिवळ्या पट्टीला काठी लागली तसं त्यांनी कोपर सोडलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कॉलेजातला एक मुलगा फोन घेऊन आला. बोलणारा. पोट्ट्यानं फोन आत नेला नाही. तिथंच दोन्ही बटनं दाबली, बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. शेठ गल्ल्यावर होते, दरपत्रक भिंतीवर होतं.

"घेऊ का शंभर?"

मी शेठकडे बघितलं. शेठनी पेपर वर केला.

"वीस घे," मी म्हणालो.