श्रीहरिकोट्याहून एसएसएलव्ही: दीड मिनिट आकाशात, पंधरा मिनिटं पडद्यावर

एसएसएलव्ही हे इस्रोचं छोट्या उपग्रहांसाठीचं छोटं रॉकेट. त्याचं दुसरं चाचणी उड्डाण, एसएसएलव्ही-डी२, १० फेब्रुवारी २०२३ ला सकाळी ९.१८ चं होतं. असं उड्डाण तिथे जाऊन कसं बघायचं, ते सांगतो. पुण्या-मुंबईहून जायचं तर आधी चेन्नई गाठायची. चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट संकुलातून श्रीहरिकोट्याजवळच्या सुल्लुरपेट्याच्या लोकल सुटतात, दोन-अडीच तास लागतात. रस्त्यानं यायचं तर राष्ट्रीय महामार्ग १६ थेट तिथेच आणतो. सुल्लुरपेट्यात लॉज मोजकेच आहेत आणि उड्डाणाची तारीख जाहीर झाली की ते भरतात. चेन्नईत मुक्काम असेल तर पहाटे चारच्या आत निघायला हवं.

उड्डाण बघण्यासाठीच्या गॅलरीत बसायला इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि लवकर बंद होते. ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली त्याची मूळ प्रत सोबत ठेवा. परतीचं तिकीट मात्र त्याच संध्याकाळचं काढू नका. हवामान किंवा एखादा तांत्रिक अडथळा आला की तारीख पुढे जाते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर तिथला ईशान्य मोसमी पावसाचा काळ. त्या मानानं फेब्रुवारी उत्तम.

सुल्लुरपेट्याहून श्रीहरिकोटा बेटावर जाणारा रस्ता पुलिकत सरोवराच्या मधून जातो. थंडीत दोन्ही बाजूंच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी असतात. थांबून फोटो काढायचा मोह होतो, पण तो परतीसाठी राखून ठेवा. जाताना थांबलेली एक गाडी मागच्या शंभर गाड्या अडवते.

आता रॉकेटबद्दल. ३४ मीटर उंच, २ मीटर व्यासाचं, सुमारे १२० टन वजनाचं. खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे: पहिल्यात ८७ टन, दुसऱ्यात ७.७ आणि तिसऱ्यात ४.५ टन इंधन. सगळ्यात वर व्हीटीएम हा छोटा द्रव इंधनाचा टप्पा, त्यात जेमतेम ५० किलो. घन इंधनाची मोटार एकदा पेटली की मध्येच बंद करता येत नाही. त्यामुळे वेगात थोडंफार कमी-जास्त होतंच, आणि ती तूट शेवटी व्हीटीएमनं भरून काढायची असते. एवढ्याशा ५० किलोंचं महत्त्व इतकं का, ते इथे कळतं.

गॅलरीतून लाँच पॅडचा पायथा दिसत नाही. मोठ्या पडद्यावर ज्वाला दिसते आणि मग झाडीच्या वर रॉकेट येतं. एसएसएलव्ही रेंगाळत नाही, झपाट्यानं वर जातं, म्हणून पडद्याकडे बघत बसलात तर पहिले सेकंद हुकतात. शून्याच्या आधीच नजर क्षितिजावर हवी. आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात, त्यामुळे रॉकेट बरंच वर गेल्यावर गडगडाट पोचतो. मोबाइलवर एक्सपोजर आधी बाहेरच्या आकाशावर लॉक करा, नाहीतर ज्वालेच्या प्रखर उजेडानं बाकी चित्र काळं पडतं. घन इंधनातल्या ॲल्युमिनियममुळे तो उजेड आणि मागचा दाट पांढरा धूर दोन्ही येतात. पहिला टप्पा सुमारे ९४ सेकंदांत संपतो. तोवर रॉकेट बंगालच्या उपसागरावर आग्नेयेला वळलेलं असतं आणि नुसत्या डोळ्यांना फारसं काही उरत नाही.

नेमक्या याच वेळी अर्धी गॅलरी उठून बसकडे धावते. मला हे अजिबात पटत नाही! तिन्ही मोटारी मिळून फक्त सव्वापाच मिनिटं जळतात, उड्डाण मात्र पंधरा मिनिटांचं. मधला बराच वेळ रॉकेट जडत्वावर चढत असतं. यश-अपयश ठरतं ते पुढेच.

७ ऑगस्ट २०२२ चं पहिलं चाचणी उड्डाण, डी१, आठवा. जमिनीवरून सगळं झकास दिसलं होतं. दुसरा टप्पा सुटताना उपकरणांच्या डेकला अपेक्षेपेक्षा जास्त कंप बसला, त्वरणमापकांची (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरची) मोजमर्यादा क्षणभर ओलांडली गेली, आणि ते धड असूनही संगणकानं त्यांना नादुरुस्त ठरवलं. रॉकेट पर्यायी मार्गदर्शनावर गेलं, वेग कमी पडला. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी उपग्रह सगळ्यात दूर ३५६ आणि सगळ्यात जवळ ७६ किलोमीटर अशा लंबवर्तुळात गेले. ७६ किलोमीटरवर हवा पुरेशी दाट असते, तिथे उपग्रह टिकत नाही. डी२ साठी कमी धक्का देणारी विभाजन यंत्रणा घेतली आणि सेन्सर नादुरुस्त ठरवण्याचे निकषही बदलले.

म्हणून डी२ ला पडद्यावर बघायची गोष्ट होती दुसऱ्या टप्प्याचं सुटणं. ते नीट पार पडलं. तेराव्या मिनिटाच्या आसपास इस्रोचा १५६.३ किलोचा ईओएस-०७ उपग्रह सुटला, मग अमेरिकी अँटारिस कंपनीचा १०.२ किलोचा जानस-१, आणि शेवटी स्पेस किड्झ इंडिया या संस्थेचा ८.७ किलोचा आझादीसॅट-२, ज्यात देशभरातल्या सुमारे ७५० विद्यार्थिनींचं काम होतं. तिन्ही ४५० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत. एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून सोडतात, नाहीतर ते एकमेकांवर आदळू शकतात.

थांबण्याचा आणखी एक फायदा: पहिली गर्दी निघून जाते. बाहेर पडायला तो एकच रस्ता आहे. वेळ असेल तर उत्तरेला नेलपट्टूचं अभयारण्य आहे, तिथे झोळीवाले पेलिकन बघायला मिळतात.

पुढे छोट्या रॉकेटांसाठी उड्डाणाचं ठिकाण बदलेल. ध्रुवांवरून जाणाऱ्या ध्रुवीय कक्षेत जाताना श्रीहरिकोट्याहून श्रीलंकेला वळसा घालावा लागतो, आणि एवढ्याशा रॉकेटला तो वळसा परवडत नाही. म्हणून तमिळनाडूत थूथुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिनमला नवं केंद्र होतंय, पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथे जायचं तर रेल्वेनं तिरुचेंदूर आणि विमानानं थूथुकुडी.