हॅचबॅकची मागची काच : चुऱ्यापासून पाण्याच्या चाचणीपर्यंत

गाडी पाच दारांची हॅचबॅक. मागची काच युरेथेनने, म्हणजे रबरासारख्या घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याने, चिकटवलेली, आतून डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारांच्या, बारा रेषा, त्यांच्या वर रेडिओच्या अँटेनाच्या दोन, आणि वायपरचा दांडा काचेतल्याच भोकातून बाहेर येणारा. काच फुटून पूर्ण चुरा झालेला. त्यामुळे जुनी काच अखंड सोडवायचं काम वाचलं, सफाईचं मात्र दुप्पट झालं.

नोंद १ : काच मागवण्याआधी

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, मागची सहसा टफन्ड. टफन्ड काच साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसला तापवून दोन्ही अंगांनी हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. हा तोल कुठेही मोडला की अख्खी काच एकदम खड्यांसारखी होते. म्हणून भट्टीतून निघाल्यावर तिला भोक पाडता येत नाही आणि तिची कडही घासता येत नाही. "वायपरचं भोक नंतर पाडून घेऊ" हा विचार मनातूनच काढायचा.

एकाच मॉडेलला तीन-चार वेगळ्या काचा असू शकतात. वायपरचं भोक आहे का, डिफॉगरची टर्मिनलं दोन्ही बाजूंना आहेत की एकाच, अँटेनाच्या रेषा आहेत का, वरच्या ब्रेक लाइटसाठी काळ्या पट्ट्यात जागा सोडली आहे का, आणि काचेची छटा कोणती, हे सगळं जुळलं पाहिजे. चुऱ्यात शिक्क्याचा तुकडा सापडला तर फेकू नये. वर्तुळातलं ई अक्षर आणि '४३आर' म्हणजे युरोपीय नियमाची मान्यता. '-व्ही' असेल तर काचेतून ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश जातो, म्हणजे काच मुळातच गडद आहे. अमेरिकी पद्धतीच्या शिक्क्यात तशा काचेवर 'एएस३' असतं, साध्या टफन्डवर 'एएस२'.

नोंद २ : चुरा आणि आतलं पॅनल

डिक्कीच्या दाराचं आतलं प्लास्टिक पॅनल, वरचा ब्रेक लाइट, वायपरचा हात आणि मोटर, वॉशरची नळी, सगळं उतरवलं. क्लिपा प्लास्टिकच्या पातीने उचलल्या तर टिकतात, स्क्रू ड्रायव्हरने उचलल्या तर त्यांचे कान मोडतात. पाच-सहा जादा आणून ठेवाव्यात. वायपरचा हात दात्यांवर गंजून बसलेला असतो. तो हलवून हलवून काढायला गेलं तर मोटरचा दांडा वाकतो. नट काढून गंज सोडवणारं तेल मारावं, अर्धा तास थांबावं आणि छोट्या पुलरने ओढावा.

काचेचे खडे सगळ्यात जास्त दाराच्या पोकळीत पडतात. तिथून ते खालच्या कडेच्या निचऱ्याच्या भोकांवर जाऊन बसतात. भोकं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. दार अर्धं उघडून हाताने थोपटलं की खुळखुळ ऐकू येते. खुळखुळ थांबेपर्यंत व्हॅक्यूम चालू ठेवायचा. सीट बेल्टची कुलपं, मागच्या सीटच्या बिजागऱ्या आणि स्टेपनीचा खड्डाही याच वेळी साफ करावा. कुलपात अडकलेला एक खडा पुरे, बेल्ट लागल्यासारखा वाटतो पण पक्का बसत नाही.

नोंद ३ : विजेची बाजू काच बसवण्याआधीच

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नंतर नव्या काचेला दोष देतात. बॉडी आणि दार यांच्यामध्ये बिजागरीजवळ जी रबरी नळी असते तिच्यातल्या वायरी प्रत्येक उघडझाकीला वाकतात. इन्सुलेशन शाबूत दिसतं, आतली तांब्याची तार मात्र तुटलेली असते.

नुसता मल्टिमीटर इथे फसवतो. दोनशेपैकी दोन तंतू जरी उरले असले तरी टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर जवळपास करंट ओढतच नाही. म्हणून वायरीवर भार टाकून बघायचं. हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन दिवा, म्हणजे साधारण साडेचार अँपियर, डिफॉगरच्या दोन्ही टर्मिनलांना जोडला आणि स्विच चालू केला. भाराशिवाय १२.५ व्होल्ट, दिवा जोडल्यावर ८.९. दिवा पिवळट आणि मरगळलेला. डाव्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली तर अर्थची काळी वायर वाकलेल्या जागी हाताला मऊ लागली. आवरण होतं, आत तंतू जेमतेम उरले होते.

तुटलेल्या जागीच जोड मारला तर तोही तिथेच तुटणार. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर पुढे जाऊन २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तंतूंची लवचिक वायर घातली. सांधे नळीच्या बाहेर ठेवले आणि त्यांच्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारं नळीसारखं आवरण, चढवलं. त्याच दिव्यावर आता १२.१ व्होल्ट.

नव्या काचेची तपासणीही उभ्या स्टँडवरच केली. प्रोब एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा रोध ०.३ ओहम आला. काचेवर १.२, म्हणजे खरा ०.९. त्या हिशेबाने १२.६ व्होल्टला १४ अँपियर, १७६ वॅट. मग २० अँपियरचा फ्यूज मध्ये घालून काच मिनिटभर बॅटरीवर चालवली आणि काचेवर तोंडाने वाफ सोडली. प्रत्येक रेषेच्या बाजूने वाफेत एक स्वच्छ पट्टा उमटत जातो. एखाद्या रेषेजवळ वाफ तशीच राहिली तर ती रेष तुटलेली. इथे बाराही उमटल्या. एखादी तुटलीच असेल तर दोन्ही बाजूंना टेप लावून चांदीयुक्त वाहक रंगाने जोडता येते, पण काच नवी असेल तर सरळ बदलून मागावी.

नोंद ४ : जुनं युरेथेन आणि गंज

काच किती वर्षं टिकणार ते इथे ठरतं. चौकटीवरचं जुनं युरेथेन खरवडून पत्र्यापर्यंत जायचं नसतं. ते १ ते २ मिलिमीटर जाडीचं राखायचं. कारखान्यातल्या रंगावर त्याने धरलेली पकड नव्या थरापेक्षा भरवशाची असते, आणि नव्या युरेथेनला ताज्या कापलेल्या युरेथेनइतका चांगला जोडीदार दुसरा नाही. रुंद पात्याचा धारदार चाकू चौकटीला जवळपास समांतर धरून लांब फिती काढायच्या. कापलेला पृष्ठभाग काळा, एकसारखा, रबरासारखा दिसला पाहिजे. तो मळकट किंवा भुसभुशीत दिसला तर अजून अर्धा मिलिमीटर खाली जायचं. कापून झाल्यावर त्यावर थिनर किंवा पेट्रोल फिरवू नये. ते आत मुरतं आणि नंतर हळूहळू बाहेर येऊन नवी पकड सोडवतं. बोटही लावायचं नाही. कापणं आणि चिकटवणं एकाच दिवशी व्हायला हवं.

उजव्या खालच्या कोपऱ्यात रंगाला नाण्याएवढा फोड होता. त्यावरचं युरेथेन चाकूच्या टोकाने उचललं तर रंगासकट निघून आलं आणि खाली तपकिरी पावडर. पकड युरेथेनची सुटली नव्हती, रंगाने पत्रा सोडला होता. अशा जागी वरून कितीही चांगलं युरेथेन लावलं तरी ते सुटलेल्या रंगाला चिकटतं. पत्रा चमकेपर्यंत घासला, एपॉक्सी प्रायमर मारला आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू दिला. चाकूचे बारीक ओरखडे असतील तर युरेथेनसोबत मिळणारा काळा प्रायमर पुरतो. मोठ्या उघड्या पत्र्याला तो पुरत नाही.

आधी कुणी सिलिकॉन वापरलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिलिकॉनच्या अवशेषावर युरेथेन बसत नाही. शिवाय आंबट वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, ते पत्र्याला गंज लावतं.

नोंद ५ : कोरडी मांडणी, प्रायमर

दार बंद ठेवून काम केलं. उघड्या दारात काच आडवी आणि डोक्यावर येते, ती स्वतःच्या वजनाने सुटू पाहते.

काच कोरडीच चौकटीत मांडली. खाली दोन रबरी ठोकळे, दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर फट. मास्किंग टेपच्या चार पट्ट्या काच आणि बॉडी यांच्यावर आडव्या लावून फटीवर ब्लेडने कापल्या. प्रत्यक्ष बसवताना त्या अर्ध्या पट्ट्या एकमेकींसमोर आल्या की काच जागेवर. वायपरचा दांडा भोकाच्या मध्यावर येतो का तेही आताच बघायचं, युरेथेन लावल्यावर नाही.

मग काच उतरवून, मऊ कापडावर पालथी ठेवून कडेचा काळा पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. फरशीवर कोपरा टेकवायचा नाही. टफन्ड काच सपाट अंगावर बराच मार सोसते, पण कडेखाली आलेला वाळूचा एक कण तिला पुरतो. स्वच्छतेची खूण सोपी आहे. पाण्याचा फवारा मारला की पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन बसलं तर तेलकटपणा आहे, पुन्हा पुसायचं आणि पूर्ण वाळवायचं. नंतर काळा प्रायमर २० मिलिमीटर रुंदीत एकाच दिशेने, एकाच हाताने. मागे-पुढे ब्रश घासला की थर फाटतो. डब्यावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर पूर्ण दहा थांबायचं. काळा सिरॅमिक पट्टा आणि हा प्रायमर मिळून युरेथेनला उन्हापासून वाचवतात.

नोंद ६ : युरेथेन आणि बसवणी

नोझल इंग्रजी व्ही आकारात कापली. खाच ८ मिलिमीटर रुंद, १२ उंच. त्यातून त्रिकोणी पट्टा पडतो, त्याचा छेद ४८ चौरस मिलिमीटर. चौकटीचा घेर ३.६ मीटर भरला, म्हणजे साधारण १७३ मिलिलिटर. ३१० मिलिलिटरची एक ट्यूब पुरते, तरी दुसरी हाताशी असावीच. अर्ध्यात ट्यूब फाटली तर आणायला वेळ नसतो. गोल तोंडाची नोझल वापरून चपटा पट्टा टाकणं ही नेहमीची चूक. चौकटीतला दोन मिलिमीटरचा खळगा चपट्या पट्ट्याने भरत नाही, तिथे पाण्याला वाट राहते.

पट्टा काचेवर न टाकता चौकटीवर टाकला, कारण कापलेलं जुनं युरेथेन स्वतःच रस्ता दाखवतं. गन पृष्ठभागाला काटकोनात, खाच मागच्या दिशेला, हात न थांबता. सांधा उजव्या बाजूच्या सरळ कडेवर, मध्याच्या जरा वर. खालच्या कडेला पाणी साचतं आणि कोपऱ्यात काच वळते, या दोन्ही जागी सांधा नको. टोकं एकमेकांवर २० मिलिमीटर चढवून पातीने एकजीव केली.

युरेथेन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, म्हणजे घट्ट होतं. १०-१५ मिनिटांत त्यावर साय धरू लागते, आणि साय धरल्यावर काच ठेवली तर वरून चिकटल्यासारखी दिसते पण युरेथेन काचेला नीट भिडत नाही. त्यामुळे घाई इथेच, बाकी कुठेही नाही. दोघांनी सक्शन कपांनी काच उचलली. आधी खालची कड ठोकळ्यांवर, टेपच्या खुणा समोरासमोर, मग वरची कड हळूच टेकवली. तळहातांनी घेरभर सारखा दाब दिला. बुक्की मारायची नाही. पट्टा दबून ४-५ मिलिमीटर जाडीचा आणि साधारण १० रुंद झाला. काच कडेला टेपने बांधली.

पिकण्याचा वेग २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला पहिल्या दिवशी ३-४ मिलिमीटर, आणि पुढे तो मंदावतो. दहा मिलिमीटर रुंद पट्टा दोन्ही बाजूंनी पिकत आत जातो, म्हणून डिक्की दोन दिवस उघडली नाही. थंडी असेल किंवा हवा कोरडी असेल तर अजून थांबावं. या काळात बाजूची एक काच बोटभर खाली ठेवायची. सगळं बंद असताना दरवाजा आपटला की आतली हवा मागच्या काचेला बाहेर ढकलते.

नोंद ७ : पाणी

तिसऱ्या दिवशी आतून कडेला टिश्यू पेपर चिकटवून साध्या नळीने पाणी सोडलं, जोर न लावता, खालून वर, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे उतरतो आणि गळती कुठली ते कळत नाही. युरेथेनची कड कोरडी राहिली. टिश्यू ओला झाला तो वायपरच्या दांड्याखाली. जुनं रबरी बूच चपटं होऊन एका बाजूला फाटलेलं होतं. नवं घातलं आणि नट रबर जेमतेम दबेल इतकाच आवळला. रबर नसताना धातूचा वायसर काचेवर आवळला तर नवी काच तिथेच जाते. पुन्हा पाणी, टिश्यू कोरडा. डिफॉगरच्या टर्मिनलवर चालू इंजिनाला १३.४ व्होल्ट, आणि काचेच्या मध्यावर, रेषेवर फॉइल गुंडाळलेला प्रोब टेकवल्यावर ६.७, बरोबर निम्मे, म्हणजे रेष अखंड.

उरलेलं काम : डावा गॅस शॉक मंद झाला आहे, दार उघडताना उजवी बाजू पुढे जाते आणि चौकट पिळवटते. दोन्ही जोडीने बदलायचे आहेत. आतलं पॅनल त्यानंतरच चढवायचं.