‘गाडी घुसली’ नव्हे, ‘गाडी घातली’

अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं शार्लट्सव्हिल आमच्या घरापासून सत्तर मैलांवर. ऑक्टोबरात डोंगरावरच्या बागेत सफरचंदं तोडायला जायचं, आणि भारतातून पाहुणे आले की त्यांना जेफरसनचं घर दाखवून आणायचं, एवढाच आमचा त्या गावाशी संबंध. १२ ऑगस्ट २०१७ च्या शनिवारी दुपारी मी इडलीचं पीठ वाटत होते. मिक्सरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. बघितला तेव्हा सव्वीस निरोप साचले होते आणि पहिलाच होता, ‘त्या दोघी कुठे आहेत?’

त्या दोघी म्हणजे आमच्या गटातली एक निवृत्त शिक्षिका आणि तिची मैत्रीण. गट म्हणजे तरी काय, त्या जानेवारीत महिलांच्या मोर्चाहून परतलेल्या आम्ही तीसेक जणी आणि चार पुरुष. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर दुसऱ्या मंगळवारी जमायचो. नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरची निवडणूक होती, त्यासाठी दारोदार फिरायचो. माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड, त्यामुळे मला मत नाही. पण लोकांच्या दारावर टकटक करून ‘तुम्ही मत द्या’ म्हणायला कायद्याची हरकत नव्हती.

शिक्षिकाबाई सकाळीच शार्लट्सव्हिलला गेल्या होत्या. तिथल्या नगर परिषदेने फेब्रुवारीत अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या जनरल लीचा पुतळा हलवायचा ठराव केला होता, पार्कचं नावही बदललं होतं. त्याविरुद्ध गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा होता आणि त्या मेळाव्याला विरोध करायला आमच्यासारखे लोक. परिषदेने मेळावा दुसऱ्या मोठ्या पार्कात हलवायला सांगितलं, संयोजक कोर्टात गेला, आणि शुक्रवारी संध्याकाळी न्यायाधीशाने त्याला पुतळ्याचीच जागा दिली. त्याच रात्री विद्यापीठाच्या आवारातून मशाली घेऊन मोर्चा निघाला. बागेतल्या पार्टीत डास पळवायला लावतात ना, त्या बांबूच्या मशाली! चित्रफीत बघताना आधी हसू आलं. घोषणा ऐकू आल्या तेव्हा ते गेलं.

शनिवारी मेळावा सुरू व्हायच्या आतच मारामाऱ्या झाल्या आणि साडेअकराच्या सुमारास पोलिसांनी जमाव बेकायदा ठरवला. लोक गल्ल्यांमध्ये पांगले. पावणेदोनच्या आसपास चौथ्या रस्त्यावर, विरोधकांच्या घोळक्यावर, ओहायोहून आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाने गाडी घातली.

अडीचला शिक्षिकाबाईंचा निरोप आला. ‘ठीक आहोत. रस्त्यावर बूट पडलेत.’ पुढे काहीच नाही.

संध्याकाळी सातला सगळ्यांचा एकत्र फोन झाला. दोन गोष्टी ठरल्या: रविवारी संध्याकाळी वाचनालयासमोरच्या हिरवळीवर जमायचं आणि त्याआधी गटाचं निवेदन काढायचं. ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकांचं इतिवृत्त मी लिहायचे आणि ते सगळ्यांना कळायचं. इतिवृत्त आणि निवेदन यांत काय फरक असतो ते मला त्या रात्री समजलं.

पहिला मसुदा तासाभरात झाला. दुःख, धक्का, तीव्र निषेध, सगळं जागच्या जागी. साडेनऊला सोलापूरला फोन लावला. तिथे रविवारची सकाळ, बाबांचा चहा झालेला. बाबा गिरणीत होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. स्टेन्सिल कापून रात्री काढलेल्या त्या कागदांचा शाईचा वास मला अजून आठवतो. मसुदा मी मराठीत करत करत वाचला, ‘शांततेने उभ्या असलेल्या जमावात गाडी घुसली आणि त्यात एका महिलेचा मृत्यू झाला.’

“थांब,” बाबा म्हणाले. “घुसली? बैल हाय का ती, आपली आपण घुसायला? कुणी घातली ते लिही की.”

इंग्रजीत मला ते खटकलंच नव्हतं. टीव्हीवर दुपारपासून तसंच चाललं होतं, गाडीने धडक दिली, गाडी गर्दीत शिरली. जणू आत कुणी नव्हतंच. मी कर्ता घातला आणि वाक्याचं वजनच बदललं.

मग बाबा जरा गप्प झाले. नंतर हळूच विचारलं, “खाली सही कुणाची?”

“सगळ्यांची. नावं असतील.”

“तुझं नको.”

आयुष्यभर स्वतःच्या नावाने पत्रकं काढलेला माणूस हे बोलत होता. पण मला राग आला नाही. फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचीभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरला ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडून एकाने बारमध्ये गोळ्या घातल्या होत्या. तेव्हापासून बाबा रोज फोनवर विचारायचे, “अंधार पडायच्या आत घरी येतेस नव्हं?” नवऱ्याचंही तेच, फक्त जरा वकिली भाषेत. नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, अशा वेळी कशाला?

ओळखीच्या इमिग्रेशन वकिलाला रात्रीच निरोप टाकला. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. बोलणं, लिहिणं, उभं राहणं हा गुन्हा नाही. फक्त अटक होईल अशा जागी जाऊ नका. ज्यांची माझ्यासारखी स्थिती आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते, हा सल्ला आधी घ्या. अंदाजाने घाबरू नका आणि अंदाजाने शूरही होऊ नका.

मसुदा सगळ्यांना पाठवला आणि खरी लढाई सुरू झाली. एकीने गाडीच्या मालकाचं म्हणून एक नाव पाठवलं, ‘हाच तो, लगेच टाका.’ गटातल्या वकीलबाईंनी थांबवलं म्हणून वाचलो. ते नाव मिशिगनमधल्या एका निरपराध तरुणाचं निघालं. त्याच्या घरच्यांना धमक्या येऊ लागल्या होत्या. वकीलबाईंचा दुसरा आग्रह ‘खून’ या शब्दाबद्दल होता. कोर्टाने ठरवेपर्यंत ‘खुनाच्या आरोपाखाली अटक’ एवढंच. मला ते मिळमिळीत वाटलं, पण बरोबर होतं. मारणाऱ्याचं नाव घालायचं नाही यावर मात्र एकमत झालं. आणि जी गेली तिचं नाव तोवर जाहीर झालं नव्हतं. त्या जागी मी एक लांब रेघ मारून ठेवली. सकाळपर्यंत ती रेघ तशीच होती.

मोठं भांडण झालं ते शेवटच्या परिच्छेदावर. एका ज्येष्ठ सभासदाने वाक्य सुचवलं, ‘आम्ही सर्व प्रकारच्या, सर्व बाजूंच्या हिंसेचा निषेध करतो.’ त्याच दुपारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प नेमकं तसंच बोलले होते, अनेक बाजूंचा द्वेष, हिंसा वगैरे. हे गृहस्थ ट्रम्पचे कडवे विरोधक. वाक्य त्यांना सभ्य वाटत होतं, इतकंच. आणि खरं सांगते, मलाही वाटत होतं. असल्या वाक्यावर कुणी भांडत नाही, निवेदन लवकर संपतं.

गटात एक कृष्णवर्णीय परिचारिका आहे. ती एरवी कमी बोलते. रात्री पावणेबाराला तिने विचारलं, “उद्या सकाळी हे मी माझ्या चर्चमध्ये वाचून दाखवायचं आहे. हे वाक्य आल्यावर लोकांनी माझ्याकडे बघितलं तर मी कुठे बघू?”

वाक्य गेलं. चार दिवसांनी ते गृहस्थही गट सोडून गेले. वाईट वाटलं, कारण दारोदार फिरण्यात त्यांच्याइतका चिवट माणूस नव्हता.

दिवसभर बंदोबस्तावर असलेलं राज्य पोलिसांचं हेलिकॉप्टर संध्याकाळी कोसळून जे कलन आणि बर्क बेट्स हे दोघे गेले होते. त्यांना निवेदनात घ्यायचं का, यावरही अर्धा तास गेला. ‘हिंसेत तीन बळी’ असं लिहिणं सोपं होतं, सगळीकडे तसा आकडा फिरतही होता. पण एकीला मारलं होतं आणि दोघे अपघातात गेले होते. आम्ही दोन वेगळी वाक्यं केली. जखमींचा आकडा तासातासाला बदलत होता, म्हणून तो घातलाच नाही.

रविवारी नाव कळलं. हीदर हायर, वय बत्तीस, वकिलाच्या कार्यालयात काम करायची. रेघ पुसून मी ते नाव टाइप केलं आणि काही वेळ तशीच बसून राहिले. आदल्या रात्रीपासून मी ‘ती महिला’, ‘ती महिला’ करत शब्दांशी झटापट करत होते. नाव आल्यावर मागेपुढे काही बदलावंच लागलं नाही.

सभेची परवानगी त्या मानाने सोपी निघाली. भोंगा नाही, पायवाट अडवणार नाही, मग अर्जाची गरज नाही, असं कळलं. पोलिसांना कळवायचं का यावर दोन तट पडले. शेवटी कळवलं. त्यांनी विचारलं किती लोक, मी म्हटलं पन्नास. आले दोनशेच्या आसपास.

वाद झाला तो मेणबत्त्यांवरून. शुक्रवारच्या मशाली ताज्या होत्या. दोघी-तिघींना अंधारात ज्योती घेऊन उभं राहणं नको वाटत होतं, त्यापेक्षा बॅटरीचे दिवे आणा म्हणाल्या. मी दिवाळीच्या खोक्यातल्या पणत्या काढल्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवल्या. वाऱ्याने निम्म्या विझल्या, लोक एकमेकांच्या बाटलीवरून लावून घेत राहिले. तीन दिवसांनी विद्यापीठात मशालवाल्यांच्याच वाटेवरून हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन चालली. तेव्हा त्या दोघींपैकी एकीने मला फोटो पाठवला. सोबत शब्द एकही नाही.

निवेदन मी वाचणार नव्हते. शिक्षिकाबाई वाचणार होत्या. त्या उभ्या राहिल्या, कागद धरला, हात थरथरायला लागला. “तूच वाच,” म्हणाल्या. त्यांचे बूट कालचेच होते, चिखलाचे. मी वाचलं. ‘गाडी घातली’ या वाक्यापाशी, इंग्रजीत वाचत असूनही, कानात बाबांचा आवाज होता. खाली नावं होती, शेवटचं माझं. आडनावासकट.

मराठी भाषांतर मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं. ते टाकायला नको होतं असं काही वेळ वाटलं. ‘आपण इथे पाहुणे आहोत’, ‘इथे राजकारण नको’, ‘गणपती पंचवीसला आहेत, वर्गणी कुणाकुणाची राहिली?’ एकाने विचारलं, आपला काय संबंध त्या पुतळ्यांशी? मला सांगता आलं असतं. सोलापुरात मी ज्या चौकातून शाळेत जायचे तिथे चार पुतळे आहेत, १९३१ च्या जानेवारीत इंग्रजांनी फाशी दिलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांचे. पुतळा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर फासावर गेलेला माणूस येतो. रिचमंडला आले तेव्हा मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवरचे घोड्यावरचे सेनापती पाहून मी बराच काळ त्यांनाही तसलंच काही समजत होते. ते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढले होते हे कळायला मला दोन वर्षं लागली. पण हे सगळं व्हॉट्सअॅपवर कोण लिहिणार. मी वर्गणी भरली.

१५ ऑगस्टला सकाळी मंडळाचं झेंडावंदन आणि दुपारी ट्रम्प यांची पत्रकार परिषद, दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती म्हणून. रात्री एका काकूंचा खासगी निरोप आला, “तुझं ते पत्रक इंग्रजीत आहे का गं? सूनबाईला द्यायचंय.”

दुसऱ्या दिवशी शार्लट्सव्हिलच्या पॅरामाउंट थिएटरात शोकसभा झाली. हीदरचा आवडता रंग जांभळा, म्हणून माणसं जांभळं घालून आली होती. तिची आई सूझन ब्रो बोलली. माझ्या मुलीचं तोंड बंद करायला तिला मारलं, पण तुम्ही तिचा आवाज मोठाच केलात, अशा अर्थाचं. आमचं निवेदन आठशे शब्दांचं होतं.

डिसेंबरात चौकशीचा अहवाल आला. चौथ्या रस्त्याच्या तोंडाशी एकच पोलीस अधिकारी, तीही एरवी शाळेवर नेमलेली. गर्दी अंगावर आल्यावर तिला तिथून हटवलं, आणि मागे उरला एक लाकडी अडथळा, सुताराच्या घोडीसारखा. तेवढाच. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या निवेदनात पोलिसांबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा माहीत नव्हतं हे खरं, पण विचारलंही नव्हतं.

वर्षाने, ७ डिसेंबर २०१८ ला, ज्यूरीने त्या तरुणाला खुनाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा पुढे ठरली: जन्मठेप आणि वर ४१९ वर्षं. वकीलबाईंनी फोन केला. “आता बदल तो शब्द.” गटाच्या पानावरच्या जुन्या निवेदनाखाली मी तारीख घालून एक ओळ वाढवली.

नागरिकत्वाचा अर्ज २०१९ मध्ये भरला. त्यात तेव्हा एक प्रश्न होता, तुम्ही कुठल्या संघटनेचे, मंडळाचे, गटाचे सभासद आहात का? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन नावं लिहिली, आमचा गट आणि मराठी मंडळ. मुलाखतीसाठी शंभर प्रश्नांची पुस्तिका पाठ केली होती. यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा, हा प्रश्न त्यात होता आणि त्याला सरकारनेच तीन उत्तरं मान्य केली होती: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. मी पहिलं पाठ केलं होतं.

अधिकाऱ्याने अर्जावर लाल पेनने खुणा करत विचारलं, “हा गट काय करतो?”

“निवडणुकीत दारोदार फिरतो,” मी म्हटलं. “कधी कधी निवेदनं काढतो.”

“आणि हे मंडळ?”

“गणपती बसवतो.”

त्याने दोन्हींवर खूण केली. यादवी युद्धाचा प्रश्न आलाच नाही. सिनेटर किती असतात विचारलं. शंभर.