चार वाजून चार मिनिटांनी

गेली सहा वर्षे दुपारी चार वाजता मी घरी एकच काम करतो. आईची नजर अधू झाल्यापासून वर्तमानपत्रातले शब्दकोडे मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो, ती उत्तरे सांगते आणि मी पेन्सिलीने चौकटी भरतो. त्यानंतर झाडांना पाणी, मग अर्ध्या तासाचा फेरफटका आणि रात्री साडेनऊला तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब. हा क्रम मोडला की दिवसभर काहीतरी विसरल्यासारखे वाटते, म्हणून मी शक्यतो प्रवास टाळतो. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५९ या प्रक्षेपकाच्या उड्डाणाचे छायाचित्र काढण्यासाठी मी श्रीहरिकोट्याजवळ जाऊन राहिलो, आणि तीन दिवसांचा बेत चार दिवसांवर गेला.

हेच उड्डाण निवडण्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण प्रकाशाचे. उड्डाणाची वेळ ४ डिसेंबरला दुपारी ४ वाजून ८ मिनिटे अशी जाहीर झाली होती. प्रक्षेपण तळ समुद्रालगत पूर्वेला आणि आपण पुलिकत सरोवराच्या पश्चिम काठावर, त्यामुळे त्या वेळी सूर्य पाठीमागे येतो आणि प्रक्षेपकावर समोरून प्रकाश पडतो. रात्रीच्या उड्डाणाचे छायाचित्र मिनिटभर शटर उघडे ठेवून काढता येते आणि त्यात ज्वाळेची सुंदर कमान मिळते. पण मला कमान नको होती, प्रत्यक्ष प्रक्षेपक दिसायला हवा होता. दुसरे कारण त्यातल्या सामानाचे. युरोपीय अंतराळ संस्थेचे प्रोबा-३ म्हणजे दोन उपग्रहांची जोडी. त्यांतला एक दुसऱ्यापासून सुमारे १५० मीटर पुढे राहून सूर्यबिंब झाकतो आणि मागचा त्या कृत्रिम ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळाची, म्हणजे त्याच्या भोवतीच्या अंधूक तेजोवलयाची, छायाचित्रे घेतो. छायाचित्रे काढायला निघालेल्या यंत्राचे छायाचित्र आपण काढावे, ही कल्पना मला आवडली.

अंतराळ केंद्राच्या प्रेक्षागॅलरीसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि ती माझ्याकडून वेळेत झाली नाही. म्हणून मी सुळ्ळुरुपेटा येथे खोली घेतली आणि ३ तारखेचा पूर्ण दिवस सरोवराच्या काठावर जागा शोधण्यात घालवला. तिथून तळ सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर दूर होता. हे अंतर ऐकायला फारसे वाटत नाही. पण कागदावर गणित मांडल्यावर मी काहीसा खचलो. पीएसएलव्हीची उंची सुमारे ४४ मीटर. अठरा किलोमीटरवरून ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम दीड मिलिमीटर उमटते. त्यात पृथ्वीच्या वक्रतेमुळे तळाकडचे दहाएक मीटर क्षितिजाखाली जातात आणि उरलेल्या भागापुढे झाडांची रांग उभी राहते. म्हणजे उड्डाणाचा पहिला क्षण मला दिसणारच नव्हता. प्रक्षेपक झाडांच्या वर आला की त्यानंतरचे काही सेकंद काय ते माझे.

खरी अडचण मात्र अंतरापेक्षा हवेची होती. सरोवराच्या पाण्यावरून दूरचे पाहताना तापलेली हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी कडा वितळल्यासारख्या दिसतात. यावर उपाय नाही. त्यातल्या त्यात जागा थोडी उंच निवडावी आणि पुष्कळ छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे थरथर क्षणभर थांबलेली असताना घेतलेले एखादे हाती लागते. मी फोकस आपोआप होण्याची सोय बंद केली, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका मनोऱ्यावर हाताने फोकस साधला आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावली. शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवले आणि प्रकाश मुद्दाम थोडा कमी घेतला. घन इंधनाची ज्वाळा इतकी प्रखर असते की कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिले तर छायाचित्रात पांढऱ्या डागाखेरीज काही उरत नाही.

४ तारखेला मी सकाळी अकरापासून काठावर होतो. पाण्यात दूरवर रोहित पक्ष्यांची एक गुलाबी रेघ होती, तिची छायाचित्रे काढून तासभर बरा गेला. तीन वाजल्यापासून माणसे जमू लागली. आणि मग, उड्डाणाला तासभरही उरला नसताना, फोनवर सूचना आली की प्रोबा-३ मध्ये दोष आढळल्याने उड्डाण दुसऱ्या दिवशी ४ वाजून १२ मिनिटांनी होईल. प्रक्षेपक ठीक होता. उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेची, म्हणजे त्याला अवकाशात ढकलणाऱ्या यंत्रणेची, तपासणी व्हायची होती. आजूबाजूची माणसे दहा मिनिटांत पांगली. मी ट्रायपॉड आवरता आवरता घड्याळात पाहिले तर चार वाजले होते.

परतीचे तिकीट ५ तारखेच्या सकाळचे होते. ते रद्द करावे की नाही, याचा मी खोलीवर जाऊन बराच वेळ विचार केला. खरे सांगायचे तर परत जाण्यासाठी निमित्त मिळाल्याचा मला थोडा आनंदच झाला होता. परक्या उशीवर दोन रात्री झोप लागली नव्हती, फेरफटक्याला जावे तर रस्ता ओळखीचा नव्हता, आणि साडेनऊ वाजले की हात उगीचच औषधाची बाटली शोधत होता. शेवटी घरी फोन केला. पत्नी म्हणाली, “अहो, इतके गेलात तर एक दिवस आणखी थांबा. आईंचे थेंब मी घालते आहे.” मग आईने फोन घेतला. मी विचारले, “आई, कोडे सोडवलेस का?” ती म्हणाली, “सूनबाई वाचत होती, पण ती फार भरभर वाचते. मी तिला सांगितले, राहू दे. तू ये, मग बघू.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते अधिक लागले. तरीही मी तिकीट रद्द केले.

५ तारखेला वेळ पुन्हा बदलली आणि ४ वाजून ४ मिनिटे झाली. या वेळी मी एक शहाणपण केले होते. थेट प्रक्षेपण फोनवर काही सेकंद उशिराने पोहोचते, म्हणून त्यावर विसंबून न राहता मनगटी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घेतले होते. शेजारचा एक तरुण फोनमधली उलटी मोजणी मोठ्याने म्हणत होता; त्याचा आकडा आठवर असतानाच झाडांमागे नारिंगी उजेड पसरला आणि मी शटरचे बटण दाबले. पांढऱ्या धुराच्या टोकावर ज्वाळा वर सरकली. सगळे अगदी नि:शब्द होते, कारण आवाज अजून वाटेतच होता. तो पोहोचायला जवळजवळ पन्नास सेकंद लागले, आणि तोवर प्रक्षेपक एवढा वर गेला होता की गडगडाट पूर्वेकडून पाण्यावरून येत होता आणि माना मात्र वर वळलेल्या होत्या. त्या वेळी मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. तो गडगडाट कानांपेक्षा छातीत अधिक जाणवला. पुढे प्रक्षेपक ढगाच्या एका पुंजक्याआड गेला, आणि वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांनी धुराची रेघ वाकडी होत गेली. उड्डाणानंतर सुमारे अठरा मिनिटांनी उपग्रह वेगळे झाल्याचे कळले, तेव्हा काठावर मी आणि दोन-तीन माणसेच उरलो होतो.

एकशे बेचाळीस छायाचित्रांपैकी कामाची सहा निघाली. त्यांपैकी एकात प्रक्षेपकाची बाजू आणि तिला लागून असलेले बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जादा जोर देणारे लहान रॉकेट, निदान ओळखता येतात. बाकीच्यांत हवेने आपले काम केले आहे.

घरी पोहोचलो तेव्हा टेबलावर वर्तमानपत्रे तारखेप्रमाणे रचून ठेवलेली होती आणि सगळी कोडी कोरी होती. मी आईला आधी छायाचित्र दाखवायला गेलो. तिने भिंगातून ते पाहिले, ज्वाळेवर बोट ठेवून “हे दिसते मला” एवढेच म्हणाली आणि २ तारखेचा अंक माझ्यापुढे सरकवला. चार वाजायला अजून दहा मिनिटे होती, पण आम्ही सुरुवात केली.