गड्ड्या पाणी पीत नाही

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळण्यांच्या मागं कुडकुडत बसलेला सापडला, म्हणून आमच्या बोक्याचं नाव गड्ड्या. सोलापुरात राहून पाण्याला नको म्हणणारा हा एकच जीव मी पाहिला आहे. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून येतं आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांतून एकदा उतरतं. त्या दिवशी पिंप, रांजण, कळशा तर भरायच्याच, चहाचं पातेलंसुद्धा रिकामं ठेवायचं नाही. आणि हे महाराज भरलेली वाटी हुंगून शेपूट वर करून निघून जातात.

मागच्या मे महिन्यात तो वाळूच्या ट्रेमध्ये नुसताच बसून राहायला लागला. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मी वाटी घेऊन त्याच्या मागं.

"पोरं पाणी मागून मागून मेली, अन् तू मांजराला पाज पाज करायलीस?" इति आई.

तसा दोष त्याचा नाही. मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यांची तहान बरीचशी शिकारीतच भागायची, कारण उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आम्ही वाढतो त्या पाकिटातल्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. म्हणजे उंदराच्या जागी आम्ही त्याला रोज कडक भाकरी वाढत होतो, तीही आमटीशिवाय. चार किलोच्या गड्ड्याला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी हवं. वाटीला मी पेनानं रेघ मारली. संध्याकाळी पाणी रेघेवरच.

मग प्लास्टिकची वाटी गेली, मिशा कडेला टेकू नयेत म्हणून पसरट ताटली आली, ती जेवणापासून लांब ठेवली. आईनं दूध दिलं, त्यानं पोट बिघडलं. चिकन उकडलेलं पाणी त्याला आवडलं, पण कांदा-लसूण मांजराला विषासारखा, म्हणून त्यात काहीच घालायचं नाही. मीठसुद्धा नाही. असलं बेचव काही आपल्या चुलीवर शिजतंय याचा आईला राग.

तो पितो ते मात्र बघत बसावं. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून झटकन वर ओढतो; त्या ओढीनं वर चढलेली पाण्याची धार खाली पडायच्या आत तोंडात पकडतो. सेकंदाला तीन-चार वेळा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. एका घोटासाठी एवढी कारागिरी करायची तर कंटाळा येणारच की.

तोड काढली ती आईनंच. एक दिवस तिनं त्याच्या दाण्यांवर कोमट पाणी ओतलं, बोटानं कालवलं. "भाकरी चुरल्याशिवाय तुझे बाबा तरी खायचे का?" गड्ड्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली.

मनापासून मात्र तो एकाच ठिकाणी पितो. पहाटे नळ फुसफुसायला लागला की आमच्या आधी मोरीत हजर. पहिल्या धारेखाली मान वाकडी करून लपलप सुरू. आई कळशी घेऊन मागं उभी. "पी बाबा, पी," म्हणते, कळशी पुढं करत नाही. तेवढ्यात शेजारच्यांची मोटार सुरू होते आणि आमची धार करंगळीएवढी होते.