बाईंचं अनटिल

बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, स्मरणिकेसाठी तीस तारखेपर्यंत लेख पाठवा, आणि डोळ्यासमोर आल्या त्या इंग्रजीच्या बाई. कुठल्या ते सांगायला नको. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, त्यामुळे आमचं इंग्रजी म्हणजे मराठी वाक्याला इंग्रजी शब्द चिकटवायचे.

आठवीत मी मॉनिटर. बाई यायच्या आधी वर्गाला उभं करून ऐटीत ऑर्डर सोडली, "डोन्ट सिट अनटिल आय डोन्ट टेल यू." मी सांगत नाही तोपर्यंत बसू नका, सरळ आहे की! बाई दारातच होत्या. ओरडल्या नाहीत. "बरं, मॉनिटरची ऑर्डर पाळूया," म्हणाल्या आणि "सिट डाऊन, सिट डाऊन" सुरू केलं, कोणी टेकायला गेलं की "अंहं, मी सांगतेय ना अजून? सांगायची थांबले की बसायचं, असं म्हणालाय हा." पोरं हसून हसून बेजार, मी लालेलाल. मग म्हणाल्या, अनटिलच्या पोटातच आपला 'नाही' आहे, वरून दुसरा घालू नका. अनटिल आय टेल यू, बास. आणि अनटिलला शेवटी एक एल, नुसत्या टिलला दोन, यावर वर्षभर मार्क कापले ते वेगळंच.

'पर्यंत'चा घोळ पण त्यांनीच सोडवला. शनिवारपर्यंत थांब, इथे अनटिल. शनिवारपर्यंत वही दे, इथे बाय. थांबणं चालू राहतं, वही एकदाच द्यायची, एवढंच बघायचं. मराठीत दोन्हीला एकच शब्द म्हणून आपण हमखास आपटतो.

आता मी एका केमिकल प्लँटमध्ये कामाच्या लेखी सूचना तपासतो. मागे एका ड्राफ्टमध्ये होतं, डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह अनटिल द प्रेशर इज नॉट झिरो. म्हणजे शब्दशः घेतलं तर प्रेशर चढल्यावरच उघडा! मी नॉट खोडला. साहेब म्हणाले, कळतं रे सगळ्यांना. कळत असेलही, मी खोडलाच.

हे बाईंना सांगायचं राहिलं. त्यांच्या निरोप समारंभाला मी आलो नाही, शिफ्ट आहे म्हणालो, खरं तर कंटाळा केला. वर्गात आता स्मार्ट बोर्ड आलाय म्हणे, फोटो बघितला, आपला फळा कुठे दिसला नाही.

बाई कार्यक्रमाला येणार असतील तर किती वाजेपर्यंत थांबतील तेवढं कोणीतरी कळवा रे, मी सकाळच्या गाडीनेच निघतो.