पामरची संध्याकाळ

खेड्यातली संध्याकाळ हा चित्रांचा हमखास खपणारा विषय. दोन डोंगरांमधे बुडणारा सूर्य, झोपडी, नारळाचं झाड आणि घराकडे निघालेली बैलगाडी हे चित्र ज्याने शाळेत काढलं नाही, असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. त्यामुळे मला या विषयाचा जरा कंटाळाच आहे. तरी सॅम्युएल पामर या इंग्रज चित्रकाराचं एक जलरंगातलं शेत कुठे छापलेलं दिसलं, की पान उलटवत नाही.

चित्र १८३० च्या सुमाराचं, सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. आकार झेरॉक्सच्या कागदाएवढा. कापणी झालेलं गव्हाचं शेत, जागोजागी उभ्या करून ठेवलेल्या पेंढ्या, मागे टेकड्यांची गोलाई. पेंढ्यांमधून एक माणूस काठी घेऊन चाललाय, बरोबर त्याचा कुत्रा. वर भलीथोरली चंद्रकोर आणि शुक्राची चांदणी. एवढंच.

आता पंचांग बघणाऱ्या माणसाला यातली लबाडी लगेच कळेल. शुक्र सूर्याला सोडून फार लांब जात नाही, म्हणजे त्याच्या शेजारी दिसणारा चंद्र कोरच असणार. आणि कोरीच्या उजेडात शेत असं लखलखत नाही. पामरने आकाश घेतलंय तृतीयेचं आणि चांदणं पौर्णिमेचं. मला ही चोरी मनापासून आवडते.

पामर राहत होता केंटमधल्या शोरहॅम गावी, डॅरेंट नदीच्या खोऱ्यात. जन्माने लंडनचा. १८२६ च्या सुमारास तो इथे आला आणि आठ-नऊ वर्षं राहिला. म्हातारा कवी-चित्रकार विल्यम ब्लेक त्याचं दैवत. पामर आणि त्याचे मित्र रात्री-अपरात्री रानात भटकत, आकाशाकडे बघत उभे राहत. गावकऱ्यांनी त्यांना ज्योतिषी ठरवून टाकलं होतं.

तिकडची संध्याकाळ आहेही भटकण्यासारखी. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळला की वीस-बावीस मिनिटांत दिवा लावावा लागतो. इंग्लंडात तो तिरका, रेंगाळत क्षितिजाखाली जातो. ऐन कापणीच्या ऑगस्टात अर्धा तास उलटला तरी संधिप्रकाश टिकून असतो. पेंढ्या बांधून व्हाव्यात, घरी चालत जावं, तरी वाट दिसत राहावी.

पण ही वेळ जलरंगात धरणं महाकठीण. पारदर्शक जलरंगाचा साधा नियम असा, की उजेड हा कागदाचा. पांढरा कागद राखायचा आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. संध्याकाळी राखायला पांढरं उरतंच किती? थरावर थर दिले की रंगाचा चिखल होतो, हे ज्याने ब्रश हातात धरलाय त्याला सांगायला नको. पामरने नियमच गुंडाळून ठेवला. शाईची जाड रेघ, पांढरा मिसळून केलेला अपारदर्शक रंग, आणि त्या काळातल्या कित्येक चित्रांत तर गोंद घालून घट्ट केलेला रंग आणि वरून वार्निश. ड्रॉइंगच्या मास्तरांनी कान पिळला असता. त्याची अंधारी शेतं मात्र आतून पेटल्यासारखी दिसतात.

पेटण्यावरून आठवलं. ऑगस्ट १८३० मध्ये याच केंटमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली. गहू हाताने झोडपायचं काम म्हणजे मजुराची हिवाळ्याची भाकरी. यंत्राने नेमकी तीच हिरावली. गंजींना आगी लागल्या. पामरच्या शेतात यातलं काही नाही. त्याच्याकडे आजोबांच्या वारशाचे पैसे होते, विळा धरायची वेळ कधी आली नाही. १८३२ मध्ये त्याने मतदारांसाठी एक निनावी पत्रक काढलं, तेही मताचा हक्क वाढवू पाहणाऱ्या सुधारणावाल्यांच्या विरोधात. मजूर पोटासाठी भांडत होते आणि हा चंद्रकोर काढत होता, म्हणून त्याच्यावर रागावता येईल. मी रागावून पाहिलंय, जमत नाही. मात्र चित्रातल्या त्या काठीवाल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्याने दिवसभर किती पेंढ्या बांधल्या ते कळत नाही, ही सोय अंधाराने करून दिलीय हे ध्यानात ठेवूनच मी ते शेत बघतो. भर दुपारी काढलं असतं तर घाम काढावा लागला असता.

त्याच्या हयातीत शोरहॅमच्या या कामाला गिऱ्हाईक नव्हतं. १८८१ मध्ये तो गेला. १९०९ मध्ये त्याच्या मुलाने वडिलांच्या वह्या आणि चित्रांचा ढीग जाळून टाकला. लोक हसतील, अशी त्याला धास्ती होती. लोक हसले नाहीत. १९२६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रदर्शन भरलं आणि पामरला भाव आला. इतका, की पुढे टॉम केटिंग नावाच्या इसमाने नव्या कोऱ्या पामरी संध्याकाळी तयार करून बाजारात सोडल्या आणि जाणकारांनी त्या घेतल्याही. १९७६ मध्ये बिंग फुटलं. केटिंगचं म्हणणं असं, की पामर स्वतः येऊन आपल्याकडून चित्रं काढून घेतो. शोरहॅमच्या गावकऱ्यांना यात नवल वाटलं नसतं.